आठचा भोंगा

मार्गशीर्षातला गुरुवार, दाट धुकं आणि बोचरी थंडी. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. शेगावजवळच्या एका कापसाच्या जिनात मी हजेरी मांडायचो.

त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी कुणाला न सांगता आठचा भोंगा सहालाच वाजवला. तीच आता कामाची नवी वेळ, असं त्यांनी ठरवलं होतं. सारं गाव त्या भोंग्यावर चालायचं. शाळेच्या शिपायाने घंटा दिली, हॉटेलवाल्याने भट्टी पेटवली. फक्त सरकी काढायच्या रेच्यांवरच्या बाया आल्या नाहीत. त्या नेहमीसारख्या आठला आल्या.

साहेब फाटक अडवून उभे. "आजचा खाडा. उद्याही अशाच आल्या तर काम बंद."

रहमतबी पुढे होती. "काऊन जी?"

"भोंगा ऐकू नाही आला?"

"आला न. भाकरी थापून राह्यलो होतो आमी."

"मग?"

"मंग काय? भोंग्यानं तो हॉटेलवालाबी उठला. त्याले घेता काय रेच्यावर?"

बाया हसल्या. साहेब नाही हसले.

"वेळ बदलायची असन तं आधी आमाले सांगा लागते, साहेब. आमचं म्हननं ऐका लागते. तसा कायदा हाय."

"तू मला कायदा शिकवते?"

"नाही जी. फॅक्टरी इन्स्पेक्टरसाहेब शिकवतीन. बलावू काय?"

आवारात कापसाच्या बैलगाड्या खोळंबल्या होत्या. साहेबांनी मला हळूच विचारलं, "यांच्याशिवाय किती रेचे चालतील?"

"एकही नाही," मी म्हणालो.

फाटक उघडलं. बायांची पूर्ण हजेरी लागली, आणि हंगाम संपेपर्यंत भोंगा आठलाच वाजला.