पाटीवरचा बदाम

कुणीतरी काडी लावली आणि तुम्ही पेटून थेट इथं आलात — कुणी लावली ते मला सांगू नका, मला त्या माणसाचं नावही ऐकायचं नाही. स्टँडवर चहा पीत बसायचं, कुणाची पोरगी कुठल्या दारातून आत गेली ते बघायचं, आणि तिच्या बापाला ऑफिसात जाऊन सांगायचं — याला गावात काळजी म्हणतात. बसा, काका. नसेल बसायचं तर उभे राहा, पण आवाज खाली. बाहेर बाकावर आरोही बसलीय, आमच्या दवाखान्यातल्या मावशी, झुंबरबाई, आहेत तिच्याजवळ, आणि आत शिरताना तुम्ही जे बोललात ते साऱ्या दवाखान्यानं ऐकलंय. 'कोण आहे तो पोरगा?' — पोरगी सरकारी दवाखान्यात दिसली, तर बापाचा पहिला प्रश्न हा? काय होतंय बेटा, हा नाही? कोणताही पोरगा नाही. मी आहे, इथली समुपदेशक. या खोलीत फक्त मी असते, ही टेबलं-खुर्च्या आणि तो पंखा, जो असून नसल्यासारखा.

पाटी वाचली म्हणता. वाचली असणारच, सगळा घोळ त्या पाटीचाच तर आहे. 'मैत्री' हे नाव मी नाही ठेवलं, सरकारी नाव आहे, वरून आलंय. वयात येणाऱ्या पोरापोरींनी यावं, मनातलं, शरीरातलं, जे आईबापाशी बोलता येत नाही ते बोलावं — झोप लागत नाही, सारखं रडू येतं, परीक्षेच्या नावानं पोटात गोळा येतो, काहीही. नाव वरून आलं, पाटी मात्र इथंच रंगवली. गोकुळ पेंटरला मी म्हटलं, मनातलं बोलायची जागा आहे, तसं काहीतरी चित्र काढ. त्यानं एक पोरगा काढला, एक पोरगी काढली आणि दोघांच्या मध्ये तो एवढा मोठा लाल बदाम. मी डोक्याला हात लावला. तर मलाच म्हणतो, 'मॅडम, मन म्हंजे दिलच ना? अन् मधात जागा बी सुटली होती.' पुसून टाक म्हटलं, तर तो लग्नाच्या पाट्यांत अडकला, आणि तोवर गावानं या खोलीचं बारसं करून टाकलं. लफड्याची खोली. माहीत आहे मला. पोरं सायकलवरून जाताना ओरडतात. ते चालतं, पोरं आहेत. पण तुमच्यासारखा शिकलेला माणूस, शाळेच्या ऑफिसात बसून दिवसभर शेकडो पोरं बघणारा — तुम्हीही बदामच बघितला ना? त्याच्या खालची ओळ नाही बघितली. 'वय दहा ते एकोणीस. सल्ला गुप्त ठेवला जाईल.' मोठ्या अक्षरात आहे हो.

आणि आडनाव काय विचारलंत मघाशी? गाव कोणतं, तेही विचारलंत. सांगते ना. महामाया नाव, धामणगाव बढे गाव, विहाराच्या मागच्या आळीतली. झालं समाधान? आता बसला हिशोब तुमच्या डोक्यात — हे लोक आमच्या पोरींना काय शिकवणार. ऐका मग काय शिकवतात. माझी आजी जनकाबाई, अंगठेबहाद्दर, दर रविवारी विहारात डोळे मिटून बसायची आणि मैत्री करायची. करायची म्हणजे — सगळ्यांचं भलं होवो, जवळच्याचं होवो, दूरच्याचं होवो, ज्यानं मला त्रास दिला त्याचंही होवो. याला आमच्यात मैत्री म्हणतात. ही पाटी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं होतं, वा, किती चांगलं नाव दिलंय सरकारनं. मूर्ख मी. मला कुठं माहीत, रस्त्याच्या पलीकडे याच शब्दाचा अर्थ मोटरसायकल आणि गॉगल होतो. आजी असती तर तुमच्यासाठीही डोळे मिटून बसली असती. मी नाही बसणार. माझ्यात तेवढं नाही.

काय म्हणालात? वेडी नाही ती? कोण म्हणतंय वेडी? हा शब्द या खोलीत तुम्ही आणलात. ताप आला तर तुम्ही पोरीला घेऊन खामगावपर्यंत जाता, दात दुखला तर जाता. पोरगी महिनोन्महिने नीट जेवत नाही, तर काय केलंत? मोबाइल काढून घेतला. मग कुणा बाबाचा अंगारा आणला, तिच्या उशीखाली ठेवला — हो, सांगितलं तिनं, पावडर केसांत जाते म्हणाली. मग पेपरला बसायच्या आधी तिचा श्वास अडकला, हात गार पडले, तेव्हा कॉलेजच्या मॅडमसमोर नाटक करते म्हणालात. ती आली ती कुणाच्या मागं लागून नाही आली. मी तुमच्याच गावच्या ज्युनिअर कॉलेजात बोलायला आले होते, पोरी खिदळत होत्या, ही मागच्या बाकावर होती, तिनं फक्त पाटी कुठं आहे ते विचारून घेतलं. एवढंच. स्वतःच्या पायानं आली. दर मंगळवारी जिल्ह्याहून मनाचे डॉक्टर येतात इथं, बाहेर तारखेसकट लिहून लावलंय. यायला जमत नसेल तर एक चार चार एक सहा हा नंबर आहे, दिवसा लावा, रात्री लावा, मराठीत बोलतात, नाव न सांगता बोलता येतं. हे कुणी तुम्हाला स्टँडवर नाही सांगितलं, का? लफडं मात्र लगेच सांगितलं. काऊन नाही दिसलं तुमाले काका, तुमच्याच घरात — रागात माझी बोली अशीच निघते, निघू द्या — पोरगी तुमच्याच ताटाजवळ बसून भाकर कुस्करत होती, काऊन नाही दिसलं? तिले घरी घेऊन जातो म्हणता. न्या ना. दाराला कडी लावा. कॉलेज बंद करा, मामाकडे पाठवा, स्थळ बघा. आणि मग एक दिवस — तुम्हाला माहीत आहे ती काय म्हणाली? आज, इथंच, तुम्ही यायच्या आधी? म्हणाली, ताई, रात्री झोपताना मी हेच मागते की सकाळी जागच येऊ नये. घरी सगळ्यांना सोपं होईल म्हणे. तुमची पोरगी. आणि तुम्ही मला विचारता पोरगा कोण?

...

काका.

काका, बसा तुम्ही. पाणी घ्या. हे — हे मी असं सांगायला नको होतं. सांगणारच होते, तुमच्यापासून लपवायचं नव्हतंच, जिवावर बेतण्यासारखं असलं की घरी सांगावंच लागतं, पण अशा रीतीनं नाही, तिला विचारून, ती समोर असताना. ती मला म्हणाली होती, ताई, आज संध्याकाळी आमच्या घरी या, तुम्ही नुसत्या बाजूला बसा, बाबांना मीच सांगते. मी हो म्हटलं होतं. तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं, आणि तुम्ही आलात, आणि तुमच्या त्या एका वाक्यानं मी... नाही, तुमच्यावर नाही ढकलत. बोलले मी. उठलात कशाला? निघू नका, असे तिच्यासमोरून निघून जाऊ नका — आणि हे दार कुणी उघडं ठेवलं? झुंबरबाई? अहो झुंबरबाई, हे दार लावलं नव्हतं का?

"तुमीच म्हणल्या ना मॅडम, वारं येऊ द्या. पोरीनं सारं आयकलं. रडली नाही. म्हणते, अर्ध ताईनंच सांगून टाकलं, आता उरलेलं मीच सांगन. बाबाले जाऊ देऊ नका म्हणते. येऊ देऊ का तिले आत?"