माटवीचा खिळा

मंडळी, आजचा प्रश्न सोपा आहे. घरात एक जण असा आहे, की धोका दिसला की ओरडतो. पुन्हा दिसला, पुन्हा ओरडतो. दमत नाही, रुसत नाही, मानपान मागत नाही. अशाचं आपण काय करतो? सत्कार? — छे! त्याचं तोंड बंद करतो! का करतो?

— गेला का माईक? पुन्हा गेला! मंडपात दिवेही गेले! ... आले! कुणी आणले? हेरंबराव, तुम्ही? देवळाचे विश्वस्त स्वतः उठले, वा! आता नाही ना जाणार?

"नाही जाणार बुवा, सांगा तुम्ही!"

ऐका तर मग.

संगमेश्वराच्या वरच्या अंगाला एक गाव. तिथे जनार्दन शेट्ये आणि त्याची बायको इंदुमती. जनार्दन कुठल्याही कामाला बाहेरचा माणूस बोलवत नसे. नळ गळला — "त्यात काय एवढं?" पंखा अडला — "त्यात काय एवढं?" आपण 'राम कृष्ण हरी' म्हणतो ना, तसं त्याचं हे नामस्मरण! हसताय? तुमच्यातले किती जण हेच नाम घेतात, ते घरची माणसं सांगतील. बघा, बायका हसताहेत!

श्रावणात त्याच्या माजघराच्या भिंतीला ओल आली. पाणी कुठून येत होतं? बाहेरून. पन्हळ फुटली होती. मग पन्हळ बदलायची की नाही? ह्याने आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले. भिंत कशी — आरसा! "बघ, गेली ओल." गेली नव्हती, मंडळी! दिसेनाशी झाली होती. बाहेरून पाणी येतंय, आत सुकायला वाट नाही. भिंत आतल्या आत भिजत राहिली.

आला गणपती. आता कोकणात गणपतीवर माटवी हवीच. लाकडी चौकट, तिला आंब्याचे टहाळे, कवंडाळं म्हणजे ती रानातली फळं, तेरडा, नारळ. ती टांगायला जनार्दनाने माजघराच्या त्याच भिंतीत खिळा ठोकायला घेतला. कुठे? विजेच्या बोर्डाच्या बरोबर वर!

इंदुमती म्हणाली, "अहो, तिथे वायर असेल ना?"

"अगं, बोर्डातली वायर खाली जाते. वर काय आहे? वर नुसता चिऱ्याचा दगड."

खाली जाते! कुणी सांगितलं? बहुतेक घरांत वायर छतावरून उतरते, सरळ रेषेत बोर्डात येते. बोर्डाच्या वरचीच जागा सगळ्यांत वाईट. पण हातोडी हातात आली की माणूस प्रश्न विचारत नाही. ठाक, ठाक, ठाक! लोखंडी तार ओवली, माटवी टांगली. सुरेख दिसली.

थोड्या वेळाने — खट्! घरभर अंधार. गणपतीपुढची विजेची समई विझली.

आता हा खट् कोण म्हणाला? मीटरजवळचा एक खटका. त्याचं काम एकच. जेवढी वीज घरात गेली, तेवढी परत आली का? थोडी जरी वाट चुकून भिंतीत, नळात, माणसात शिरली, की तो सगळं बंद करतो. डोळ्यांची पापणी लवते ना, त्याच्याही आधी!

जनार्दनाने तो वर केला. तासाभराने — खट्! पुन्हा वर. पुन्हा खट्!

"अहो, खिळा ठोकल्यापासून पडतोय तो. वायरमनला बोलवा."

"सणात कोण येतो? आणि पावसाळ्यात हे खटके असेच नखरे करतात. नाजूक असतात."

"मग खिळा तरी काढा."

"आणि माटवी कुठे टांगू, तुझ्या डोक्यावर?"

संध्याकाळी मुंबईची पाहुणे मंडळी आली. आरतीच्या ऐन मध्यावर — खट्! मेहुणा म्हणाला, "काय जनार्दनराव, बाप्पाला अंधारात बसवलंत?"

लागलं ते! शेट्यांच्या घरात देवापुढे अंधार? आरती संपताच मेन स्विच पाडून तो खटक्याकडे गेला, दोन्हीकडच्या वायरी एकमेकींना जोडल्या आणि खटका मधून काढून टाकला. आपल्याकडे ह्याला एक शब्द आहे. काय म्हणतात? — डायरेक्ट! "डायरेक्ट केलंय, आता जाणार नाही." रात्रभर समई स्थिर. जनार्दन समाधानाने झोपला.

दोन दिवसांनी गौरीचा दिवस उजाडला. इंदुमतीने माटवीच्या तारेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अहो, मुंग्या आल्या हाताला!"

"रबरी चप्पल घालून हात लाव. काही होत नाही."

देवापुढे चप्पल, मंडळी? कोण घालेल? तुम्ही घालाल? आणि घातली, तरी भिजलेली चप्पल कुणाला वाचवते? ती न्हाऊन आली. केस ओले, नेसूचं ओलं, पाय उघडे, खाली ओली फरशी. माटवीची दोन कवंडाळं निखळली होती, ती बांधायला तिने तार धरली. ह्या वेळी घट्ट धरली.

खट् झालं नाही.

खट् म्हणणारा उरलाच नव्हता. दुसरा मोठा खटका होता, पण त्याला माणूस मरतो एवढी वीज कळतही नाही.

सुतक लागलं. गणपती शेजाऱ्यांनी उचलला. दारात बायका म्हणाल्या, "गौरीच्या दिवशी गेली, भाग्यवान." मेहुणा म्हणाला, "वेळ आली होती." जनार्दनही म्हणाला, "देवाची इच्छा."

देवाची? खिळा देवाने ठोकला? ओल देवाने रंगवली? देव तर दिवसभर खट् खट् करून सांगत होता! आणि ऐका — रिकाम्या पाटापुढे ती समई जळतच होती. बंद करायचं कुणाला सुचलं नाही. तिने मात्र जनार्दनाची अब्रू राखली. विझली नाही!

आता सांगा, ओरडणाऱ्याचं तोंड आपण का बंद करतो? कारण पाहुण्यांसमोर तो आपला अंधार दाखवतो.

हेरंबराव, मघाशी गेलेले दिवे, माईक परत कसे आणलेत?

... मोठ्याने बोला. सगळ्यांना कळू दे.

"डायरेक्ट केलं, बुवा."

बाहेर पाऊस आहे. मंडपाचे खांब लोखंडी. त्यांना टेकून पोरं बसलीत. पोरांनो, खांबापासून दूर व्हा, आत या. हा माईक मी खाली ठेवला. हेरंबराव, मेन स्विच पाडा. ऐकू येत नसेल त्यांनी जवळ सरकावं. आरती निरांजनावर होईल. देवाला अंधार चालतो.

तुम्हाला चालतो का, ते बघत मी उभा आहे. — हेरंबराव, अजून बसलेलेच?