साहेबांचा नवा टॅबलेट

दुपारचे तीन, लातूरचं विश्रामगृह, पशुसंवर्धनाच्या साहेबांची पत्रकार परिषद. साहेब नव्या टॅबलेटमध्ये बघून उत्तरं देत होते. मी उभा राहिलो.

"आमच्या गावच्या गफारभाईंची म्हैस आजारी हाय अन् तिथल्या जनावरांच्या दवाखान्याला कुलूप. किल्ली कोणाकडं?"

साहेबांनी टॅबलेट बंद केला. "वीस टक्के राहिली. याच्या खाली गेली की बॅटरी लवकर मरते."

मी माझा चार्जर काढला. "लावा. बसतो मी."

"चार्जिंगला असताना वापरला तर तापतो."

"तापू नका देऊ. बसतो म्हणलं ना."

बाकीचे पत्रकार चहा पिऊन गेले. ऐंशी टक्के होताच साहेबांनी भिंतीतून चार्जर उपटला, वायरीसकट टॅबलेट काखेत मारला आणि गाडीत बसले.

"अहो, किल्ली?"

"ऐंशीच्या वर चार्ज करायचा नसतो, पत्रकारसाहेब!"

चार्जरही गेला. किल्ली कोणाकडं आहे, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.