गोदामायच्या नखाचा दोष नव्हता

आमी मूळचे बेंबळीचे. बाप दुसऱ्याच्या शेतात सालानं राहायचा, आई खुरपायला जायची, आणि लेकरं आमी दोघंच, मी आणि माझ्या पाठची शेवंता. निजामाचं राज्य होतं, शाळेत सगळं उर्दूतनं शिकवायचे, म्हणून मला उर्दू आली, आणि उर्दू आली म्हणून परंड्याच्या सरकारी दवाखान्यात चिकटलो. कंपौंडर म्हणायचे, पण काय सांगू तुम्हाला, बाटल्या धुवायच्या, पुड्या बांधायच्या, आणि मुख्य काम म्हणजे डागदरसाहेबांचं उर्दू पेशंटला मराठीत सांगायचं.

साहेब हैदराबादकडचे, त्यांना मराठी कळायची न्हाय. खरूज, नायटा, आलेले डोळे, आलेलं तोंड, असलीच माणसं लई. खरजेला गंधकाचा मलम, तोंड आलं की ग्लिसरीनचा बोळा, थंडीतापाला कुनैन. अंगावर पाण्याचे फोड उठले की माणूस म्हणायचा कोळी मुतला, आणि ताप उतरताना ओठावर फोड आले की म्हणायचा जर मुतला, जर म्हणजे ताप. म्या ते तसंच्या तसं उर्दूत सांगितलं तर साहेब इतके हसले, म्हणाले, अरे भाई, तुमच्या मुलखात जो तो येऊन माणसावरच मुततो का, कोळ्याला बाहेर जागा न्हाय का.

पण मग नीट सांगायचे. म्हणायचे, ओठावरचा हा फोड तापाचा न्हाय, छूतचा हाय, एकाचा दुसऱ्याला लागतो. अंगात दबून बसतो, ताप आला, ऊन लागलं, माणूस थकला की वर येतो. आठ-दहा दिवसांत खपली धरून आपोआप जातो, तडकलं तर जरा तूप लावा. फक्त बोट लावू नका, लागलं तर हात धुवा, ते बोट डोळ्याला न्यायचं न्हाय, आणि फोड हाय तोवर तान्ह्या लेकराचा मुका घ्यायचा न्हाय, थोराचं निभतं, तान्ह्याला सोसत न्हाय. इतकं सगळं सांगायचे. आणि मी पेशंटला काय सांगायचो, तर जर मुतलाय, तूप लाव, जा. बाहेर रांग असायची, शिवाय मुक्याची गोष्ट बायामाणसांत कशी बोलायची, म्हणून तेवढं गाळायचो. रोज गाळून गाळून माझ्याही डोक्यातनं ते गळालं, असं मी पुढं लई वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं न्हाय. मला ठावं होतं.

शेवंता पहिलटकरीण, बाळंतपणाला बेंबळीला आली, मुलगा झाला. मी परंड्यात तापानं पडून होतो, ताप उतरला तशी रजा काढली आणि पाचवीच्या दिवशी गावात पोचलो. माझ्या खालच्या ओठावर फोडांचा घोस. आईनं बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला, म्हणाली, जर मुतला, म्हणजे ताप गेला रे बाबा, आता भ्या न्हाय, घे भाच्याला. आपल्यात तो चांगला गुणच धरतात ना, ओठावर फुटलं की माणूस सुटला. म्या घेतलं. शेवंता म्हणाली, दादा, मामाचं नाक घेतलंय का बघ, न्हाय तर जन्माचं नुकसान. म्या नाक बघितलं आणि तोंडाचा मुका घेतला. एकदा न्हाय, दोनतीनदा.

सुईण होती गोदामाय. आमच्या गल्लीतली सगळी पोरं तिच्या हातची, मी पण, शेवंता पण. त्याच दिवशी तिनं बाळाच्या तोंडात बोट घालून चिकटा काढला, तसा ती सगळ्यांचाच काढायची.

बाराव्या दिवशी बारसं होतं. अकराव्या दिवशी लेकराच्या ओठाच्या कडेला फोड उठले, मग डोळ्यापाशी. दूध ओढेना, अंग गरम, रडणं पण बारीक. शेवंताचे सासरे वाशीहून बारशाला आले होते, ते माझ्यापुढं बसले, म्हणाले, तुम्ही दवाखान्यातले, तुम्हीच सांगा काय झालंय. माझ्या ओठावर तेव्हा खपली होती. मी उपरणं तोंडावर धरून बसलो होतो. म्या म्हणलं, सुईणीचं नख लागलंय.

एवढंच बोललो. बारशाच्या भिजवलेल्या घुगऱ्या तशाच राहिल्या. लेकरू तेराव्या दिवशी गेलं, नाव ठेवायचं राहिलं. मला काय वाटलं म्हणाल तर काही वाटलं न्हाय, कान बंद झाल्यागत झालं होतं, आणि ते तसंच राहिलं.

शेवंतानं ओसरीवरनं गोदामायला बोटं झडतील म्हणून शाप दिला. मी परत निघालो त्या सकाळी गोदामाय वेशीत बसली होती. दोन्ही हात पुढं केले, म्हणाली, बाबा, तू शिकलेला, कोणतं बोट ते सांग, ते म्या परत कुणाच्या तोंडात घालणार न्हाय. तिची नखं मुळापासून काढलेली होती, पांढरी कड पण नव्हती. कायम तशीच ठेवायची. म्या उजव्या हाताचं एक दाखवलं आणि मोटार गाठायला चालाय लागलो.

नंतर तिला कुणी बाळंतपणाला बोलावलं न्हाय. आईच्या शेजारच्या पातीला खुरपायची, आई तिच्याशी बोलायची न्हाय. पुढं निजाम गेला, दवाखान्याची पाटी बदलली, साहेब हैदराबादला गेले. मी मात्र नोकरी संपेपर्यंत प्रत्येक बाळंतिणीला मुक्याचं सांगायचो, एक शब्द न गाळता. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. गोदामाय मेली तेव्हा मी गावातच होतो. मातीला गेलो न्हाय.

गेल्या महिन्यात वाशीला शेवंताकडं गेलो आणि सगळं सांगितलं, मुक्याचं, नखाचं, बोटाचं. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, दादा, लेकरू माझं होतं, तुला माफ करायचं का न्हाय ते माझं मी बघते. पण तुझं ऐकून म्या त्या बाईला बोटं झडतील म्हणलं, ते आता कुणाकडं जाऊन माघारी घेऊ.

म्हणून हे लिहून घ्यायला तुम्हाला बोलावलं. गोदामायचं नख लागलं नव्हतं, माझं तोंड लागलं होतं, असंच्या असं लिहा आणि बेंबळीत वाचून दाखवा. तिच्या घरातलं तिथं आता कुणी न्हाय. पण तिच्या हातनं जन्मलेली म्हातारी माणसं अजून दोनचार हायेत, त्यांना ऐकवा. देव त्यांना बरं ठेवो.