बदल नाही, परतावा नाही

या, मंडळी, या. पुढं सरका. चौरंगाजवळची जागा मोकळी आहे, तिचे जास्त पैसे नाहीत! मागं खांबाला टेकलेल्या बापूंना जेवढं पुण्य, तेवढंच इथं पुढं बसलेल्या वहिनींना. देवळात एकच दर. विमानात तसं नाही बरं का — आणि आजचं आख्यान विमानाचं आहे.

हसताय काय? पुष्पक विमान चालतं तुम्हाला, आणि पुण्याहून बेंगळुरूला जाणारं चालत नाही?

तर आधी प्रश्न. ठरलेलं मोडणारा माणूस वाईट का? आपण पोरांना सांगतो, ठरल्याप्रमाणे वाग, शब्द पाळ, वेळ पाळ. मग जो ठरलेलं बदलतो, तो चुकला का? सांगा की! गप्प बसलात. बरं, मग त्र्यंबकरावांचं ऐका, आणि काय ते तुम्हीच ठरवा.

फलटणचे त्र्यंबकराव ढवळे. एकतीस वर्षं एसटीच्या आरक्षण खिडकीवर बसले. कसे बसले? भिंतीवरच्या घड्याळानं यांच्याकडं बघून वेळ लावावी, असे बसले! सव्वादोनची गाडी म्हणजे सव्वादोनची. कोणी धापा टाकत दोन वाजून सतरा मिनिटांनी आला, की हे खिडकीतून सांगणार, गाडी गेली — आणि सांगताना यांना आतून जरा बरं वाटणार. निवृत्त झाले, घरी आले, पण खिडकी काही डोक्यातून उतरली नाही. इंदुमतीबाईंनी चारचा चहा चार-दहाला आणला, तर हे कपाकडं बघायच्या आधी घड्याळाकडं बघायचे. लग्न झाल्यापासूनची ही तऱ्हा; बाईंनी बत्तीस वर्षं ती सोसली आणि चहा गाळत राहिल्या.

एकच मुलगी, केतकी. बेंगळुरूला दिलेली. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिनं प्रवास करायचा नाही. मग काय करायचं? लेक माहेरी येत नाही ना, माहेर उचलून लेकीकडं न्यायचं! इंदुमतीबाई कामाला लागल्या. डिंक आला, खोबरं आलं, मेथीचं पीठ तुपात भिजलं, अळीव, सुंठ, बाळंतशेपा. जुनी मऊ पातळं फाडून दुपटी शिवली. आणि हे सगळं करताना मनात एकच: पोरीला कळा येतील तेव्हा तिच्या उशाशी मी असणार. का माहितीये? केतकीच्या वेळी त्यांची स्वतःची आई पोचू शकली नव्हती. नदीला पूर आला होता. बाई त्याबद्दल कधी कोणाशी बोलल्या नाहीत, पण विसरल्याही नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली बावीस. त्र्यंबकराव म्हणाले, वीसचं विमान धरू, दोन दिवस हातात. केतकी म्हणाली, बाबा, तिकिटं मी काढते. बाबा म्हणजे कोण! अख्ख्या तालुक्याची तिकिटं ज्यांनी फाडली, ते लेकीकडून तिकीट काढून घेतील? टॅब घेतला, चष्मा पुसला, बैठक मारली.

उघडलं बघा पान. वीस तारीख, सकाळचं विमान. आणि खाली — तीन भाव! विमान तेच. वेळ तीच. खुर्ची तीच. नावं इंग्रजी होती, मी आपल्या भाषेत सांगतो: एक कोरडं तिकीट, एक बेताचं, एक सढळ. कोरडं सगळ्यात स्वस्त. सढळ म्हणजे जवळजवळ दुप्पट.

त्र्यंबकराव गालात हसले. म्हणाले, सीट म्हणजे सीट. दुप्पट पैसे भरणारा काय अर्धा तास आधी उतरतो? आमच्या गाडीत असं कधी नव्हतं. कलेक्टर बसला तरी भाडं तेच! श्रीमंतांना दुप्पट देऊन मिरवायचंय, त्यांना मिरवू दे. असं म्हणून त्यांनी दोघांची कोरडी तिकिटं धरली. जातानाची वीसची, येतानाची तीसची.

शेवटी एक छोटा चौकोन आला. ‘मी अटी वाचल्या आहेत व मला त्या मान्य आहेत.’ मंडळी, देवासमोर बसलाय, खरं सांगा. तो चौकोन दाबायच्या आधी अटी वाचलेला एक तरी माणूस या मंडपात आहे? करा हात वर. … एवढा समाज बसलाय, आणि एक हात नाही! खाली ठेवा, जोशी काका, तुम्ही पाठ खाजवताय ते दिसलं मला. माझाही हात वर नाही. त्र्यंबकरावांनीही चौकोन दाबला आणि संध्याकाळी बागेतल्या बाकावर चार जणांना सांगून आले, की कंपनीला कसं गुंडाळलं.

पहिली ठेच लाडवांपायी लागली. बाईंनी विचारलं, सामान किती चालतं? बघतात तर माणशी सात किलो, तेही हातातल्या पिशवीत. पोटात टाकायची बॅग — म्हणजे विमानाच्या पोटात, माझ्या नव्हे — ती या तिकिटात नाहीच. लाडवांचा डबाच सहा किलोचा! त्र्यंबकराव म्हणाले, लाडू कुरिअरनं जातील.  बाई पुन्हा दुपट्यांच्या घड्या घालत बसल्या.

आणि अकरा तारखेला दुपारी जावयाचा फोन आला. केतकीचा रक्तदाब चढला होता. दवाखान्यात ठेवलं होतं. बाळ थांबवायचं नाही, परवा सकाळी मोकळी करायची, असं ठरलं होतं. केतकीनं फोन घेतला. ती एवढंच म्हणाली, “आई, तू ये.”

आता त्र्यंबकरावांनी काय करावं? टॅब उघडला. तारीख बदलायचं बटण शोधलं. नाही! वर बघितलं, खाली बघितलं, बोट घासून घासून काच पुसली. तिथं चार शब्द: बदल नाही, परतावा नाही. मंडळी, हेच वाक्य ते एकतीस वर्षं खिडकीतून लोकांना थोड्याफार फरकानं ऐकवत आले होते. आज खिडकीच्या बाहेर ते स्वतः उभे!

मग माणूस काय करतो? चूक कबूल करतो? छे हो. माणूस शास्त्र काढतो! त्र्यंबकराव येरझाऱ्या घालत म्हणाले, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. रक्तदाब काय, उतरेलही. बावीस तारीख त्यांनीच लिहून दिलीये ना? कागद आहे आपल्याकडं. थोडक्यात काय, तर आजोबांचं तिकीट बदलत नाही, तेव्हा नातवंडानं जरा दम धरावा!

इंदुमतीबाईंनी शांतपणे त्यांच्या हातातून टॅब काढून घेतला. चष्मा लावला. आणि पोथी वाचतात तशी, ओळीखाली बोट धरून वाचायला बसल्या. बाईंची सवयच ती. एक अक्षर गाळायचं नाही, फलश्रुतीसुद्धा पुरी करायची. ज्या अटी आपण कोणी वाचल्या नाहीत, त्या त्या माउलीनं पाऊण तास वाचल्या.

आणि त्यांना समजलं. खुर्ची तीनही तिकिटांत एकच, हे नवरोबांचं खरं होतं. पण कंपनी नुसती खुर्ची विकत नव्हती. कोरडं घेणारा लिहून देतो, की माझं काही बदलणार नाही: माझी लेक आजारी पडणार नाही, माझं सामान वाढणार नाही. त्या लिहून देण्याबद्दल त्याला सूट! बेताचं घेणाऱ्याला बॅग मिळते, आणि दंड भरून तारीख हलवता येते. सढळवाला दंडाशिवाय हलवू शकतो. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आंब्याच्या गाळ्यावर स्वस्त पेटी आधी उठते आणि उशिरा येणाऱ्याला महाग तेवढी उरते, तसंच इथं. आंबा तोच असेना! उद्याच्या विमानात महाग खुर्च्याच उरल्या होत्या.

बाईंनी त्यातली एक घेतली. दिवाळीपासून बाजूला ठेवलेल्या आपल्या पैशांतून. पंधरा किलोची बॅग असलेली, आणि परतीची तारीख हवी तेव्हा हलवता येईल अशी.

त्र्यंबकराव बघत होते. म्हणाले, “एकच काढलंस? आणि मी?”

बाई चष्मा काढत म्हणाल्या, “तुमचं आहे की वीसचं. ते बदलत नाही म्हणे.”

अहाहा! मंडळी, बत्तीस वर्षांचा चहा होता हो त्या वाक्यात! वहिनी, तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसू नका, शेजारी यजमान बसलेत.

बाई गेल्या. लाडू घेऊन गेल्या, दुपटी घेऊन गेल्या. तेरा तारखेला सकाळी केतकीला आत नेलं तेव्हा तिचा हात आईच्या हातात होता, अगदी दारापर्यंत. नात झाली. त्र्यंबकरावांना फोन आला तेव्हा ते स्वयंपाकघरात एकटे, चहा करत होते. आनंद झाला, फार झाला. आणि लाजही वाटली. चहा उतू गेला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

वीस तारखेला निघाले. यांची खुर्ची खिडकीशी, शेजारची बाईंच्या नावाची, रिकामी. पैसे मात्र दोन्हींचे! पलीकडच्या एका सद्गृहस्थानं विचारलं, इथं कोणी येणार आहे का? हे म्हणाले, “आमच्या मंडळींची जागा आहे. त्या पुढं गेल्या.” त्या बिचाऱ्यानं लगेच हात जोडले, डोळे मिटले आणि बेंगळुरू येईपर्यंत यांना आपल्या वाटचा चिवडा दिला. आणि त्र्यंबकरावांनी खाल्ला हो! समजावून सांगण्यासारखी गोष्टच नव्हती ती.

घर गाठलं. दार बाईंनीच उघडलं, खांद्यावर नात. त्र्यंबकरावांनी सवयीनं मनगटाकडं बघितलं आणि म्हणाले, “बघ, बावीसच्या दोन दिवस आधी आलो.”

बाई म्हणाल्या, “हो, तारखेला आलात. वेळेला मी होते.” आणि नात त्यांच्या हातात दिली.

आता ऐका, इथंच सगळं आहे. तीस तारीख उजाडली. परतीचं विमान पावणेपाचचं. तेही कोरडं! जेवण झालं, नात आजोबांच्या मांडीवर झोपली. दोन वाजले. जावई म्हणाला, गाडी बोलावू का? त्र्यंबकराव म्हणाले, थांब जरा, आत्ता डोळा लागलाय तिचा. अडीच वाजले, तीन वाजले. बाई दारातून बघत होत्या. पावणेपाच वाजले. तिकडं विमान उडालं. त्र्यंबकरावांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण मांडी हलली नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांची गाडी त्यांना सोडून गेली, आणि त्यांनी घड्याळाकडं बघितलंसुद्धा नाही.

आता सांगा, हा माणूस चुकला का? ठरलेलं मोडलं त्यानं! पैसे बुडवले!

नाही ना वाटत? मग तुमच्याकडं येतो. आई फोनवर म्हणते, येऊन जा रे एकदा. तुम्ही म्हणता, मार्च संपू दे. भाऊ चार वर्षं बोलत नाही. तुम्ही म्हणता, माझं ठरलंय, आधी त्यानं यायचं. काय काढून बसलात, मंडळी? कोरडं तिकीट! बदल नाही, परतावा नाही! आणि वर बाकावर बसून सांगताय, की फसलो नाही म्हणून.

अहो, बदल नसलेलं तिकीट आपल्याकडं एकच आहे. ते आपण काढलेलं नाही, जन्मताना हातात देऊन पाठवलंय. त्याची तारीख कोणाला दिसत नाही, आणि त्यात सात किलोसुद्धा नेता येत नाही. तेवढं एक सोडा. बाकी आपली सगळी तिकिटं बदलतात. थोडा भुर्दंड पडतो, इतकंच.

तो भरा. उद्या नको, आज घरी गेल्यावर भरा. चला, टाळ घ्या हातात, आणि ज्याला कोणाला फोन करायचा राहिलाय, त्याचा चेहरा डोळ्यांपुढं आणून नाव घ्या देवाचं.