मागे आकाश टाका

(बल्गेरियातल्या एका काडतुसांच्या कारखान्याचं गाव. फेब्रुवारीतली दुपार. फोटोच्या दुकानात झ्लातका संगणकापुढे बसलेली, कारखान्याचे इंजिनिअर परुशेव तिच्या पाठीमागे उभे.)

परुशेव : पुन्हा फिरवा तो ब्रश.

झ्लातका : फिरवतेच आहे की. बाण हलतो, चित्र ढिम्म. दगडावर पाणी ओतल्यासारखं.

परुशेव : तुमचं मशीन म्हातारं झालंय, बाई.

झ्लातका : सकाळी तर तरणं होतं. पोस्टातल्या बाईच्या पासपोर्ट-फोटोतली मिशी काढून दिली मी. काढायची नसते, पण काढली. आता तुमचंच चित्र तेवढं अडून बसलंय. आणलंत कुठून?

परुशेव : ऑफिसातल्या मुलीनं पेनड्राइव्हवर घालून दिलं. काम साधं आहे हो. तिघं ठेवायचे, बाकी सगळं साफ. टेबल, बाटल्या, स्टोइलच्या डोक्यावरचं ते वेलीचं कडं. आणि मागे आकाश टाका. निळं, थोडे ढग.

झ्लातका : आकाश?

परुशेव : शेडमधल्या स्फोटात हे तिघं गेले, त्याला वर्ष होतंय. गेटवर तिघांचं एकत्र शोकपत्रक लावायचं ठरलंय, कारखान्याच्या खर्चानं. आकाश शोभून दिसेल.

झ्लातका : जिवंतपणी शेडमध्ये कोंडलेत, मेल्यावर आकाश.

परुशेव : काय म्हणालात?

झ्लातका : म्हटलं, चित्राच्या थराला, लेयरला, कुलूप दिसतंय. हे बघा, काढलं. आता आकाश घासून बघू... नाही. तरीही नाही. तुमचा पेनड्राइव्ह नुसता बघायला देतो, हात लावू देत नाही असं दिसतं. चित्र माझ्या मशीनवर उतरवून घेते, मग बघू.

परुशेव : काय ते करा, पण लवकर.

मिंका : झ्लातका, आहेस का गं? अगं बाई, साहेबसुद्धा इथेच!

झ्लातका : दार लोट आधी, मिंका. गार वारा येतोय.

परुशेव : नमस्कार, मिंकाताई. कशा आहात?

मिंका : आहे. विधवा असते तशी. साहेब, माझ्या पावाच्या दुकानापुढून जाताना तुम्ही रस्ता बदलता ना, म्हणून म्हटलं, आज सापडलात.

परुशेव : तसं काही नाही.

मिंका : तसंच आहे, पण असू दे. झ्लातका, स्टोइलचं वर्षाचं पत्रक करायचंय. चाळीस दिवसांचं केलं होतंस तसंच. फक्त कागद जाड घे.

झ्लातका : जाड कशाला? झाडाला, थांब्यावर, दारावर चिकटवायचा, आठवड्यात पावसानं जातोच.

मिंका : पावसानं गेला तर चालेल. राड्का फाडते, तिचाही नवरा त्याच शेडमध्ये गेला ना. मागच्या वेळी माझ्या स्वतःच्या दारावरचा फाडला. म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या नावाशेजारी त्याला मारणाऱ्याचं नाव नको.

परुशेव : लोक दुःखात असतात, बोलतात.

मिंका : लोक कुठलं स्वतःच्या मनानं बोलतात? तुमचा अहवाल बोलतो तेच बोलतात. स्टोइलनं सिगारेट पेटवली, बंदुकीची दारू उडाली. मागचं दार सताड उघडं होतं, पण आदल्या दिवशीची वाइन उतरली नव्हती म्हणून तिघांना पळता आलं नाही. पाठ आहे मला. रात्री झोप येत नाही तेव्हा तेच म्हणते, लोक प्रार्थना म्हणतात तसं.

परुशेव : चौकशी रीतसर झालीय, ताई.

झ्लातका : माझ्या मशीनवर उतरवूनही तेच, आणि रंगांचाही घोळ नाही. तेही बदलून बघितलं. साहेब, या चित्रावर आधी कुणी काम केलंय का?

परुशेव : मला काय माहीत? मुलीनं काहीतरी प्रयत्न केला, तिला जमलं नाही. म्हणून तर तुमच्याकडे आलो.

झ्लातका : हां! मग आता कळलं. तिनं एक तुकडा निवडून ठेवलाय आणि तसंच सेव्ह करून टाकलंय. एकदा तुकडा निवडला की हा प्रोग्रॅम फक्त तेवढ्यापुरतं ऐकतो. त्याबाहेर तुम्ही दिवसभर घासत बसा, पान हलणार नाही.

परुशेव : मग काढा ती निवड आणि टाका आकाश. झालं!

झ्लातका : काढते. पण एवढा कुठे बारीक तुकडा धरलाय बाईनं? नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मोठं करून बघते...

परुशेव : बघायची काही गरज नाही.

झ्लातका : सापडला. या तिघांच्या मागे. दारावर.

परुशेव : बंद करा ते.

मिंका : काय आहे दारावर?

झ्लातका : साखळी आहे, मिंका. कडीतून घातलेली. आणि हे एवढं मोठं कुलूप.

परुशेव : काहीतरी जुनं लोंबत असेल. शेडमध्ये काय कमी भंगार असतं?

मिंका : सरक गं जरा. मला बघू दे.

परुशेव : मिंकाताई, हे तुम्ही बघायचं नाही. त्रास होईल.

मिंका : त्रास? वर्ष झालं, गावात कुणी माझ्याकडून पाव घेत नाही. सरका तुम्ही. हे कडं संत ट्रिफोनच्या दिवसाचं आहे. वेली छाटायच्या सणाचं. त्या दुपारी शेडमध्ये स्टोइलला वेलींचा राजा केला होता. हे कडं मीच वळून दिलं होतं घरून. आणि शेड उडाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे आदल्या दुपारी दाराला कुलूप होतं.

परुशेव : सकाळी उघडलं असेल!

मिंका : कुणी?

परुशेव : ताई, गेलेली माणसं परत येत नाहीत.

मिंका : परत मागितली का मी? विचारलं, कुणी उघडलं?

परुशेव : झ्लातकाबाई, तुमचा बोयान तीन नंबरच्या शेडमध्ये आहे ना? चांगला मुलगा. करार याच महिन्यात संपतोय त्याचा, माझ्याच टेबलावर आहे. कारखान्याचे सगळे पासही तुम्हीच छापता. आता तुमचा प्रोग्रॅम ऐकायला लागलाय म्हणता, छानच झालं. चारला ड्रायव्हर पाठवतो. मागे आकाश पाहिजे. पेनड्राइव्ह राहू दे, त्याच्याकडे द्या. येतो.

मिंका : गेला. पायरीवर घसरला असता तर बरं झालं असतं.

झ्लातका : मघापर्यंत बरं होतं गं. होत नाही, होत नाही म्हणत हाकलला असता त्याला. कशाला शोधायला गेले मी? सवय वाईट. अडलं की मुळाशी जायचं.

मिंका : निवड काढलीस?

झ्लातका : काढली. आता ब्रश लोण्यासारखा चालतोय. हे बघ, एका फटक्यात जाईल साखळी.

मिंका : पूस मग.

झ्लातका : काय?

मिंका : पूस म्हटलं. तुझा पोरगा आहे. माझा नवरा गेला तो गेला. मी बघितलं, मला कळलं, तेवढं बास. वर्षभर भांडत होते गं मी त्याच्याशी. ताट वाढताना, अंथरूण घालताना. सिगारेट सोड म्हणून बोंबलत होते ना, मेलास की नाही शेवटी, दोघांना घेऊन मेलास. कबरीवर जाऊन शिव्या दिल्यात, झ्लातका. मेणबत्ती लावायची आणि शिव्या द्यायच्या.

झ्लातका : रड हवं तर. दार आतून लावून घेते.

मिंका : नाही रडत. बोयानच्या शेडला मागे दार आहे?

झ्लातका : असेल की. सगळ्या शेडना असतं.

मिंका : उघडं असतं?

झ्लातका : मी काय विचारत बसले होते? पोरगा घरी येतो, जेवतो, झोपतो.

मिंका : जेवणाची सुट्टी असेल आता. शेडबाहेर ठेवून घेतलेले फोन सुट्टीत परत मिळतात त्यांना.

झ्लातका : आता कशाला?

मिंका : लाव.

झ्लातका : ...बोयान? मी बोलतेय. जेवलास? काय होतं? परत घेवडाच? बरं ऐक, तुमच्या शेडचं मागचं दार... अरे, कशाला म्हणजे काय, आई विचारतेय म्हणून. सांग. हो. कधीपासून? कशाची चोरी? पितळ? म्हणून? आणि चावी? गेटवर? गेट किती लांब आहे रे! नाही, काही नाही झालं. कुणी नाही आलं. जॅकेटची चेन लावून बस, बाहेर वारा आहे. ठेव.

मिंका : काय म्हणाला?

झ्लातका : हसला. म्हणाला, आई, तुला काय एकदम दाराचं सुचलं?

मिंका : झ्लातका.

झ्लातका : त्यांच्याही दाराला साखळी आहे. वर्ष झालं, तीन माणसं जळली, आणि कुत्र्यांनी नवीन साखळी आणून लावली! म्हणे पितळ चोरीला जातं. पितळ मोजतात, माणसं नाही. आणि मी त्यांचे पास छापते, रंगीत, गोल शिक्का मारून. थुंकावंसं वाटतं स्वतःच्या तोंडावर.

मिंका : चारला ड्रायव्हर येईल.

झ्लातका : येऊ दे. त्याला देते आकाश. भरपूर ढग घालते. तोवर तुझं छापून होईल. बस इथे. नाव, जन्म, मृत्यू, खाली तू आणि मुली. पुढे?

मिंका : करार गेला तर बोयान काय करेल?

झ्लातका : घरी बसेल आणि मला शिव्या देईल. जिवंत माणसाच्या शिव्या ऐकता येतात. पुढचं सांग. स्टोइलला या चित्रातून घेऊ? कड्यासकट?

मिंका : कड्यासकट. आणि मागचं राहू दे.

झ्लातका : राहीलच. हे बघ, असा मध्ये येईल तो. हसतोय छान. मागे दार.

मिंका : साखळी केवढी दिसेल कागदावर?

झ्लातका : नखाएवढी. नीट बघितलं तर कळेल.

मिंका : नीट कोण बघतंय? दार मोठं कर.

झ्लातका : दार मोठं केलं तर हा कागदाबाहेर जातो, मिंका. फार तर खांदा राहील त्याचा.

मिंका : जाऊ दे. त्याचा चेहरा गावाला पाठ आहे.