उल्केच्या उजेडात

मला आकाशातलं फार कळतं असं तुम्हाला वाटत असेल, तर हे ऐकाच. आमच्या आकाशनिरीक्षणाच्या ग्रुपवर मी एकदा विमानाला उल्का म्हटलं होतं. तेव्हापासून आपली एक तरी नोंद खरी निघावी, एवढीच माझी इच्छा होती.

मूल तालुक्यातल्या आमच्या गावाभोवती त्या आठवड्यात वाघ फिरत होता. जेवणं आटोपून आम्ही पाच जण अंगणात बसलो होतो, बाळ खाटेवर झोपलेलं. माझी नजर आकाशात. अचानक अख्खं अंगण हिरवट उजेडाने दिवसासारखं लख्ख झालं आणि तीन-चार सेकंदांत विझलं. एवढी मोठी उल्का! मी धावत जाऊन वही आणली.

"कुठून कुठे गेली? रंग कोणता होता?"

"मले काय माईत?" सासूबाई म्हणाल्या. "मी तणसाच्या ढिगामागं पाहून राह्यली होती, वाघ बसला का म्हणून."

"मी बोडीची पाळ पाह्यली," शेजारचे भाऊ अंगणापलीकडच्या तळ्याच्या बांधाकडे बोट दाखवत म्हणाले. "तिथी काईच नाई."

सासऱ्यांनी गोठा पाहून घेतला होता, नवऱ्याने कुंपण.

"अन् तू?" नवरा म्हणाला. "तू तं वरच पाहून राह्यली होती ना?"

खोटं कशाला बोलू? उजेड पडल्याबरोबर मी बाळाच्या खाटेखाली वाकून पाहिलं होतं.

"खाटेखाली वाघ?"

"बिबट्या मावतो," मी म्हटलं.

मग ग्रुपवर प्रामाणिकपणे नोंद टाकली. दिशा: माहीत नाही. मार्ग: माहीत नाही. साक्षीदार: पाच. शेरा: वाघ नव्हता.